दिवाळीच्या सुट्टीत होई आन: तीन आणि साडेसहा वर्षांची मुलं, सोबत साबा (सासूबाई). जावं का?

केतकीचे_बन:
नमस्कार मंडळी,

गेले काही महिने व्हिएतनाम डोक्यात घोळतंय. सगळा देश पालथा घालायचा नाहीये. एकच गाव धरून राहायचं आणि तिथून जमेल तेवढं बघायचं असा बेत आहे. ते गाव म्हणजे होई आन. मध्य व्हिएतनाममधलं थू बोन नदीच्या मुखाजवळचं जुनं बंदर. पिवळ्या भिंतींची घरं, रेशमी कंदील, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. नवऱ्याला समुद्र हवाय, मला जुनी घरं, साबांना देऊळ आणि मुलांना मोकळी जागा. हे सगळं तिथे आहे असं वाचलंय.

मुलगी साडेसहाची, मुलगा तीनचा. साबा पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि गुडघे कुरकुरतात. शाळेची दिवाळीची सुट्टी आणि नवऱ्याची रजा जुळतेय, म्हणून तेव्हाच जायचं म्हणतोय. तेव्हा हवा कशी असते? राहायचं कुठे, जुन्या गावात की समुद्राजवळ? बाबागाडी न्यावी का? साबांच्या जेवणाचं काय करावं? आणि मुख्य म्हणजे एवढ्या लहान मुलांना तिथे मजा येईल का, की आपलीच हौस?

तिकिटं अजून काढलेली नाहीत. मोकळेपणाने सांगा.

दर्यावर्दी:
दिवाळीत नको. बाकी सगळं नंतर बोलू.

निळा_पारवा:
दर्यावर्दी, कारण सांगा की राव. ताईंनी एवढं सविस्तर विचारलंय.

हनोईकर:
कारण मी सांगतो. कामामुळे व्हिएतनाममध्येच राहतो आणि होई आनला जाणं-येणं असतं.

आपल्याकडे नैर्ऋत्येकडून वारे येतात, सह्याद्रीला अडतात आणि कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो. मध्य व्हिएतनामचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे आणि पाठीशी त्रुओंग सन डोंगररांग आहे. तिथे ईशान्येकडून वारे येतात, समुद्रावरून बाष्प उचलतात आणि त्या डोंगरांना अडतात. त्यामुळे आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा खरा जोर धरतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे होई आनचे पुराचे महिने. वर वादळांचाही तोच काळ. थू बोन डोंगरातून खाली येते आणि गाव अगदी तिच्या मुखाशी, सखल जागी. वरून पाणी आलं आणि समुद्राला भरती असली की पाणी गल्ल्यांत शिरतं.

हे दर वर्षी थोड्याफार प्रमाणात होतंच, पण ऑक्टोबर २०२५च्या शेवटी जे झालं ते भयंकर होतं. होई आनच्या उत्तरेला, ह्युए शहराजवळच्या बाख मा डोंगरावर २४ तासांत १७०० मिमीहून जास्त पाऊस पडला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल, तेव्हा सांताक्रूझला ९४४ मिमी होता. होई आनचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि पर्यटकांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. ते दिवाळी सरल्यावर लगेचच झालं, म्हणजे अगदी आपल्या शाळांच्या सुट्टीत. तीन वर्षांचं मूल आणि गुडघेदुखीच्या आजी घेऊन त्यात सापडू नका, असं मनापासून सांगतो.

गवतीचहा:
हनोईकर, माहिती बरोबर आहे, पण इतकं घाबरवूही नका. आम्ही नोव्हेंबरातच गेलो होतो. दोन दिवस संततधार, एक सकाळ नदीकाठच्या रस्त्यावर घोटाभर पाणी, बाकी दिवस ढगाळ आणि छान. गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त. पोरं पाण्यात डबक-डबक करून खूश. दर वर्षी महापूर येत नाही.

दर्यावर्दी:
गवतीचहा, तुम्हाला घोटाभर मिळालं म्हणून पुढच्याला तेवढंच मिळेल असं नाही. आणि पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, मुलांनी त्यात खेळू नये. शिवाय समुद्र! ऑक्टोबर ते जानेवारी लाटा मोठ्या असतात, होई आनजवळच्या आन बांगच्या किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. ज्यांना समुद्र हवाय त्यांनी नेमकं समुद्रात उतरता येत नाही तेव्हा जायचं, हे मला पटत नाही.

गवतीचहा:
समुद्राचं मान्य. आम्ही उतरलोच नाही.

पाणपोई:
त्यांच्या घरांतच पुराचा हिशोब लिहिलेला आहे. तान की नावाचं जुनं व्यापाऱ्याचं घर आहे, तिथे भिंतीवर वर्षावर्षाच्या पुराच्या खुणा केल्यात. १९६४ची खूण बघायला मान वर करावी लागते. फुंग हुंग घरात वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला झडप आहे, पाणी यायला लागलं की सामान त्यातून वर ओढून घेतात. माझ्या भाच्याला सगळ्या होई आनमध्ये ती झडप सर्वात जास्त आवडली. "आपल्या घरी का नाही?" हा प्रश्न विमानात बसेपर्यंत चालू होता.

दोन_पोरांची_आई:
केतकी, माझी पोरं साधारण तुझ्या पोरांच्याच वयाची. आम्ही मार्चअखेरीला गेलो होतो, शाळेला सरळ दांडी. लहान मुलांना मजा येते का, याचं माझं उत्तर स्पष्ट "हो" आहे, पण गाव त्यांच्या वेळेने बघायला हवं.

व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. म्हणजे आपल्याकडे सातला उठणारं पोर तिथे साडेआठला उठणार. बहुतेक लोक ते तसंच चालू देतात आणि मग संध्याकाळच्या गर्दीत जुनं गाव बघतात. आम्ही पहिल्याच दिवशी पोरांना लवकर झोपवलं आणि तिथल्या वेळेवर आणलं. सकाळी सहा ते आठ या वेळात जुनं गाव पूर्ण वेगळं असतं. दुकानांच्या फळ्या बंद, म्हाताऱ्या बायका दारात झाडलोट करतात, नदीकाठच्या बाजारात भाज्या आणि मासे उतरतात. गर्दी नाही, पोरं गल्लीभर पळतात आणि आपल्याला हात धरून ओढावं लागत नाही. अकरा ते तीन खोलीत किंवा हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात. संध्याकाळी पाचला परत बाहेर, साडेसातला जेवून परत.

बाबागाडी जुन्या गावात चालते, जमीन सपाट आहे आणि बराचसा भाग दिवसातला बराच वेळ वाहनांना बंद असतो. बाहेर मात्र पदपथांवर स्कूटर लावलेल्या असतात, गाडी रस्त्यावर उतरवावी लागते. हलकी, मिटणारी असेल तरच ने.

आणि एक खेळ सांगते. वीस हजार डाँगच्या (डाँग म्हणजे तिथलं चलन) नोटेवर तिथल्या जपानी पुलाचं चित्र आहे. मोठ्याच्या हातात नोट दिली आणि म्हटलं, हे शोधून दाखव. त्याने पूल शोधला, मग चित्रातलं छप्पर आणि खरं छप्पर ताडून बघत बसला. पुलाच्या एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती आणि दुसऱ्या टोकाला माकडांच्या. धाकटीने सगळ्यांना नमस्कार केला.

मी_नाशिककर:
नोटेची आयडिया झकास. पण वीस हजार आणि पाच लाख दोन्ही नोटा निळसर असतात बरं का! पोराच्या हातात कुठली देताय ते दोनदा बघा. :)

निळा_पारवा:
पाच लाख डाँग म्हणजे आपले किती?

हनोईकर:
साधारण तीनशे डाँगला एक रुपया धरा, म्हणजे सोळा-सतराशे रुपये. शेवटची तीन शून्यं मनात झाकायची आणि तीनने गुणायचं, ढोबळ हिशोब लगेच होतो.

विटेकरी:
पुलाबद्दल थोडं. तो १५९०च्या दशकात तिथल्या जपानी व्यापाऱ्यांनी बांधला असं मानतात. तेव्हा या बंदराला युरोपीय लोक फैफो म्हणत. जपानी, चिनी, पोर्तुगीज, डच सगळे इथे रेशीम, चिनी माती आणि मसाल्यांसाठी यायचे. पुढे १६३०च्या दशकात जपानने आपल्या लोकांना परदेशी जायला बंदी केली आणि इथली जपानी वस्ती विरत गेली. चिनी मात्र राहिले, त्यांची सभागृहं आजही आहेत. फुकियेनवाल्यांचं (चीनच्या फुकियेन प्रांतातून आलेल्यांचं) सभागृह मुलांना जरूर दाखवा. तिथे थिएन हाऊ ही समुद्रप्रवाशांना सांभाळणारी देवी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना हजार मैल बघणारा आणि हजार मैलांवरचं ऐकणारा असे दोन मदतनीस, आणि छताला टांगलेल्या मोठमोठ्या वेटोळ्या उदबत्त्या. गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही.

पूल २०२२च्या अखेरीस दुरुस्तीला घेतला होता, ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. रंग नवा दिसतो म्हणून बरेच लोक हळहळले. माझ्या मते लाकूड वाचलं हे महत्त्वाचं. रंग उन्हापावसात मवाळ होईलच.

सोनटक्का:
मी थोडं वेगळं मत मांडते. होई आन संध्याकाळी लहान मुलांसाठी अजिबात सुखाचं नाही. नदीकाठी माणसाला माणूस खेटून. दर तीन पावलांवर कुणीतरी होडीचं विचारतं, कंदील विकतं. माझा मुलगा तीनच वर्षांचा होता, सगळी संध्याकाळ कडेवर. मुलांसाठी शेजारच्या दा नांग शहरात राहा, प्रशस्त किनारा, लिफ्टची हॉटेलं, आणि होई आन एका सकाळी बघून या.

दर्यावर्दी:
सोनटक्का, गर्दीबद्दल १००% सहमत, उपायाबद्दल नाही. दा नांगहून तीसेक किलोमीटर म्हणजे पाऊण तास. सहाला जुन्या गावात पोचायचं तर पोरांना पाचच्या आत उठवावं लागेल. कोण उठवणार? म्हणून शेवटी सगळे संध्याकाळीच येतात आणि मग गर्दी होते. होई आनलाच राहायचं, पण जुन्या गावात नाही. आन बांगच्या बाजूला, समुद्र आणि जुनं गाव यांच्या मध्ये. अंतर चारेक किलोमीटर, मध्ये भातखाचरं. बरीच हॉटेलं सायकली देतात, काहींना मागे मुलांची सीट असते. नसली तर ग्रॅब (ॲपवरून मागवायची टॅक्सी) आहेच.

कुआ दाईच्या किनाऱ्याचे जुने फोटो बघून तिथे खोली घेऊ नका. तिथली वाळू समुद्राने बरीच खाल्लीय, काही ठिकाणी थेट वाळूच्या पोत्यांचे बांध लागतात. मुलांना वाळूत किल्ले करायचे तर आन बांग.

सोनटक्का:
हे मध्ये राहायचं मला सुचलं नव्हतं. पटलं.

गवतीचहा:
चतुर्दशीचं कुणीच कसं लिहिलं नाही? त्यांच्या चांद्र महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या रात्री, जुन्या गावात विजेचे दिवे मालवतात आणि नुसते कंदील असतात. नदीत कागदाचे दिवे सोडतात. तो दिवस साधून जा!

दोन_पोरांची_आई:
साधून जा म्हणण्याआधी मुलांचं वय बघ गं. त्या रात्री गर्दी नेहमीच्या दुप्पट आणि उजेड अर्धा. तीन वर्षांचं पोर हात सोडून गेलं तर? आम्ही त्या संध्याकाळी पाचला जाऊन दिवेलागणीला निघालो. बाकीच्या रात्रींनाही कंदील भरपूर असतातच.

पाणपोई:
आणि नदीत दिवे सोडण्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. कागद, मेण, रंग सगळं नदीत. रात्रीतून गोळा करतात म्हणे, सगळं थोडंच हाती लागतं. त्यापेक्षा कंदील बनवायला शिकवतात तिथे मुलांना बसवा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा छत्रीसारखा मिटतो, त्यावर रेशीम चिकटवायचं. साडेसहा वर्षांच्या मुलीला सहज जमेल, आणि मिटवून बॅगेत घरी आणता येतो. दिवाळीत आपल्या दाराला लावा.

गवतीचहा:
तरी एक दिवा सोडण्यात मुलांना जो आनंद होतो तो मी बघितलाय. पण कंदील बनवण्याला +१.

निळा_पारवा:
अवांतर: भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास जाणं कुणाला जमत असेल तर त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मुलांचाच सण असतो. चांदण्यांचे कंदील, ढोल, सिंहनाच. २०२५ साली तो नेमका आपल्या कोजागरीला आला होता.

हनोईकर:
हो, आणि २०२४ला अनंत चतुर्दशीच्या दिवशी. फार सुंदर सण. गल्लीतली पोरंच सिंहाचं तोंड घालून ढोल बडवत दारोदार जातात. पण तेव्हा पावसाची सुरुवात झालेली असते.

मी_नाशिककर:
साबांच्या जेवणाबद्दल लिहितो, कारण माझी आई असाच कडक नेम पाळणारी. तिथे बौद्ध परंपरेतलं शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, पाटीवर "चाय" लिहिलेलं असतं. त्यात अंडं नसतं, कांदा-लसूणही बऱ्याचदा नसतो. प्रतिपदा आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक स्वतःच मांस वर्ज्य करतात, त्या दिवशी साध्या खानावळीतही चाय मिळतं. धोका एकच, माशाचा सॉस. भाजी हिरवीगार दिसते आणि त्यात नुओक माम घातलेलं असतं. म्हणून नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही. फोनवर व्हिएतनामीत "मासे, कोळंबी, माशाचा सॉस, अंडं यातलं काहीही नको" असं लिहून ठेवा आणि दाखवा.

आईने मजेत दिवस काढले. टोफू टोमॅटोत शिजवलेला, पालेभाजी, पांढरा भात, कमळाच्या देठांची कोशिंबीर. त्यांच्याकडे लहान कपांत गोडसर दही मिळतं. बिनसाखरेचं शोधावं लागतं पण मिळतं, म्हणजे दहीभाताची सोय झाली.

दोन_पोरांची_आई:
मुलांचंही सांगते. तुमच्यात चिकन चालत असेल तर तिथला कोंबडी-भात, कम गा, हळदीच्या पिवळ्या भातावर हाताने सुटं केलेलं चिकन. मिरची वेगळी देतात, पोरं मिटक्या मारत खातात. गावाची खरी ओळख म्हणजे काव लाऊ, जाडसर शेवया, त्यावर डुकराचं मांस असतं, चालणाऱ्यांनी जरूर खावं. दूध पॅकेटमधलं सगळीकडे मिळतं, पण बरंच गोड असतं, डब्यावर बघून घे. पाणी बाटलीतलंच. डासांचं मलम विसरू नको, डेंग्यू तिथे आहे.

केतकीचे_बन:
किती भरभरून लिहिताय सगळे! दिवाळी बाद, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो "गवतीचहांना काही झालं नाही ना" म्हणत होता, मग पुराचे फोटो दाखवले आणि गप्प बसला.

साबा मात्र वेगळंच विचारताहेत. त्यांना कुणीतरी सांगितलंय की जवळ महादेवाची हजार-बाराशे वर्षांपूर्वीची देवळं आहेत. ते 'मी सॉन' नावाचं ठिकाणच ना? गुडघे आणि पोरं घेऊन जमेल?

विटेकरी:
जमेल, आणि साबांना जरूर न्या. होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या चंपा राज्याचं हे देवस्थान. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं देऊळ उभारलं, मग पुढची कित्येक शतकं राजे भर घालत गेले. विटांची देवळं, संस्कृत शिलालेख. १९६९ला अमेरिकन बॉम्बफेकीत सर्वात मोठं शिखर पडलं. बॉम्बचे खड्डे आजही गवताखाली दिसतात. देवळांचे काही गट आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दुरुस्त केले, त्या कामात मे २०२० मध्ये वालुकाश्माचं अखंड शिवलिंग जमिनीतून निघालं. साबांना ते दाखवाच.

चालण्याचं म्हणाल तर दारापासून देवळांच्या जवळपर्यंत विजेवर चालणाऱ्या गाड्या नेतात. पुढे चालणं आहे, बरंचसं सपाट. सकाळी उघडताच पोचा. नऊनंतर दरीत हवा कोंडते.

सोनटक्का:
आजींना हो, तीन वर्षांच्या मुलाला नको. सावली कमी, खेळायला काही नाही, आणि विटांवर चढू देत नाहीत. आमच्याकडे अर्ध्या तासात "घरी चला" सुरू झालं.

विटेकरी:
मग कुटुंबाची वाटणी करा. साबा, केतकी आणि मोठी मुलगी मी सॉनला. धाकटा बाबाबरोबर समुद्रावर. सगळ्यांनी सगळं बघायला हवंच असं नाही.

दर्यावर्दी:
किंवा थान हा, जुन्या गावापासून तीन किलोमीटर, कुंभारांचं गाव. चाकावर हात घालू देतात, मातीच्या प्राण्यांच्या शिट्ट्या मिळतात. बाबाने धाकट्याला तिथे न्यावं. माझ्या पुतणीने मातीचं जे काही केलं त्याला आम्ही सगळे हत्ती म्हणतो.

निळा_पारवा:
टोपलीच्या गोल होड्या राहिल्या! काम थान गावातल्या पाणनारळीच्या झाडीत.

सोनटक्का:
त्या करा, पण सकाळी लवकर. नंतर तिथे कर्णे लावून गाणी वाजवतात आणि होडी भोवऱ्यासारखी फिरवून दाखवतात. लहान मुलं घाबरतात. चढण्याआधी जॅकेट मुलाच्या मापाचं आहे का ते बघा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या खांद्यावरून निसटतं. माप नसेल तर चढू नका.

पाणपोई:
संध्याकाळी नदीपलीकडे 'बाई चोई' नावाचा खेळ चालतो, तोही दाखवा. आपल्या हाउजीसारखा खेळ, पण आकड्याऐवजी प्रत्येक पत्त्यासाठी गायक एक कडवं गातो. कळत काही नाही, तरी पोरं माना डोलावतात. २०१७ पासून तोही युनेस्कोच्या यादीत आहे.

गवतीचहा:
आणि शिंपी! तिथे गल्लोगल्ली शिंपी, एक-दोन दिवसांत कपडे शिवून देतात. मी लेकीसाठी परकर-पोलक्याचं माप आणि फोटो दाखवला, कंदिलाच्या रेशमासारख्या लाल कापडात हुबेहूब शिवून दिलं. पहिल्याच दिवशी माप द्या, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

केतकीचे_बन:
परकर-पोलकं! साबा आणि मुलगी दोघींनी एकदम हात वर केले.

बरं, घरात बैठक झाली. दिवाळी रद्द. मुलांच्या शाळेला दांडी मारायला नवरा तयार नाही, त्यामुळे मे महिना. ऊन असेल याची कल्पना आहे. आन बांग आणि जुनं गाव यांच्या मध्ये राहायचं, सकाळी सहाला गाव, दुपारी खोली, मी सॉनला आम्ही तिघी, थान हाला बाप-लेक. मे महिन्यात काही अडचण?

हनोईकर:
मे चांगला. पारा ३४-३५ पर्यंत जातो आणि दमट असतं, पण मुंबईच्या मुलांना नवीन नाही. समुद्र शांत. एप्रिलच्या ३० आणि मेच्या १ तारखेला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, किनारे तुडुंब भरतात, त्यानंतरचा आठवडा धरा.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण मुलांसाठीही प्रत्येकी वेगळा अर्ज आणि वेगळी फी, तीन वर्षांच्या मुलालाही. सरकारी संकेतस्थळावरूनच करा, मध्यस्थांच्या साइट्स तशाच दिसतात. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. एक अक्षर चुकलं तर विमानतळावर अडवतात. जाण्याआधी महिनाभर तरी अर्ज टाका.

दा नांग विमानतळावरून ग्रॅबची सात आसनी गाडी मागवा, बाबागाडी आणि बॅगा मावतात. मुलांची सीट मात्र गाडीत नसते, हॉटेलला आधी विचारलंत तर काही जण सोय करतात.

केतकीचे_बन:
धन्यवाद! सीटचं हॉटेलला आजच लिहिते. दर्यावर्दी, आन बांगला उथळ पाणी किती आतपर्यंत असतं? धाकट्याला पोहता येत नाही.

दर्यावर्दी:
मेमध्ये सकाळी कमरेइतकं पाणी बरंच आतपर्यंत असतं, पण वाळूचा उतार दर मोसमात बदलतो. जीवरक्षक बसतात त्यांच्या बावट्यांमधल्या पट्ट्यातच उतरा, आणि धाकट्यापासून हातभर अंतरावर मोठं माणूस कायम हवं. दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा किल्ले करायचे.